बाबांच्या चहात काय होतं

माझे डोळे पिवळे झालेत हे मला घरच्या कोणी सांगितलं नाही, एका प्रवासी बाईनं सांगितलं. मी एसटीत कंडक्टर आहे. त्या दिवशी तिरोड्याच्या गाडीवर होते. मांडीवर गाठोडं घेऊन बसलेल्या एका म्हातारीला तिकीट दिलं, तर ती तिकिटाकडे बघायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडेच बघत राहिली.

“बाई, तुमचे डोळे पिवळे दिसून राहिले. दाखवलं का कोनाले?”

“ड्युटी संपू द्या, मग दाखवते,” असं म्हणून मी पुढच्या सीटकडे वळले. कंडक्टरला दिवसभर लोक काही ना काही सांगत असतात. सगळंच मनावर घेतलं तर गाडी स्टँडवरून हलायची नाही. पण तिरोड्याला उतरल्यावर आरशात पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळद लागल्यासारखा झाला होता. गेले काही दिवस भूक नव्हती, अंगाला खाज होती, लघवी गडद होत होती. मी सगळ्याला ऊन, धूळ आणि कमी पाणी अशी नावं देऊन मोकळी झाले होते. परतीच्या गाडीवर तिकिटं मीच फाडली, पण कोणाकडे वर डोळे करून पाहिलं नाही.

आता बरी आहे. नागपूरच्या ज्या डॉक्टरबाईंनी मला वाचवलं त्या म्हणाल्या, तुम्हाला बोलता येतं, तुम्ही हे लिहून काढा, बाकीच्यांना उपयोग होईल. म्हणून लिहिते आहे. पण नुसतं काविळीबद्दल लिहून भागणार नाही. त्या आजारपणातून मी उठले आणि माझे बाबा बसले, तेही सांगावं लागेल.

पळसाच्या पानातली पुडी

माझं माहेर चोरखमारा तलावाच्या वरच्या अंगाला आहे. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथं. बाबांनी जन्मभर जंगल खात्यात मजुरी केली, पण गावात त्यांची ओळख मजूर म्हणून नव्हती. ते औषध द्यायचे. ताप, अंगदुखी, कावीळ, बाळंतिणीची कमजोरी, काहीही असलं की माणसं सकाळीच आमच्या अंगणात येऊन बसायची.

त्या औषधाचे नियम होते. तोडायच्या आदल्या संध्याकाळी झाडापुढे चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि ‘उद्या येतो’ असं सांगून यायचं. सकाळी जाता-येता कोणाशी बोलायचं नाही. पैसा घ्यायचा नाही. औषध घेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत, आणि यात काय आहे ते विचारायचं नाही. नाव सांगितलं की गुण जातो. बाबांना हे त्यांच्या मामानं शिकवलं होतं. मी लहानपणी एकदा विचारलं होतं. बाबा रागावले नाहीत, पण त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुन्हा मी कधी विचारलं नाही, आणि आई जिवंत होती तोवर तिनेही विचारल्याचं मला आठवत नाही.

कोरोना होऊन गेला आणि माझी ताकदच गेली. दोन फेऱ्या केल्या की पाय लटपटायचे. तेव्हापासून बाबांनी चहा पाठवायला सुरुवात केली. घरामागे हातपंपाच्या सांडपाण्यावर त्यांनी गवती चहाचं मोठं बेट वाढवलं होतं. त्याची पाती दुमडून, सुंभानं बांधून ते दर आठवड्याला स्टॉपवर उभे राहायचे. त्या गाडीवर मेश्रामभाऊ ड्रायव्हर. ते गाडी थांबवायचे, जुडी घ्यायचे आणि मी राहते तिथं, गोंदियाला, माझ्या हातात द्यायचे. जुडीच्या आत पळसाच्या पानात एक पुडी असायची. पुडीत कुटलेला, मातकट रंगाचा भुगा. कुटल्यावर कशाचं काय होतं ते कोण ओळखणार? दोन्ही एकत्र उकळायचं, गुळाचा खडा टाकायचा, सकाळ-संध्याकाळ प्यायचं. आधी गवती चहाचा गोड वास यायचा आणि त्यामागून घशाखाली उतरता उतरत नाही असा कडू घोट.

खरं सांगायचं तर मला सुरुवातीला बरं वाटलं. कशानं वाटलं, भुग्यानं की बाबा माझ्यासाठी स्टॉपवर उभे राहतात यानं, हे मला आजही सांगता येणार नाही. माझा नवरा सुधाकर राईस मिलमध्ये फिटर आहे. तो त्या चहाला ‘सासुरवाडीची दारू’ म्हणायचा आणि नाक दाबून स्वयंपाकघरातून बाहेर जायचा. मी हसायचे आणि प्यायचे. वर्षाहून जास्त प्यायले.

खाज

गोंदियाच्या दवाखान्यात भरती झाले. काविळीत दुखत नाही, खाजवतं. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तळहात, तळपाय, पाठ, कानाच्या आत. रात्रंदिवस. खाजवून खाजवून पोटऱ्यांवर ओरखडे उठले. सुधाकरनं माझी नखं कापली, तर मी चादरीच्या शिवणीवर हात घासायला लागले. बाजूच्या पलंगाशी बालाघाटची एक बाई होती, आपल्या सासूच्या सोबतीला आलेली. तिनं न विचारता टॉवेल ओला केला आणि माझ्या तळपायांना गुंडाळला. “दीदी, अब थोड़ा सो लो,” म्हणाली. त्या टॉवेलवर मला झोप लागली. तिचं नाव मी विचारलं नाही, आणि सकाळी तिच्या सासूला सुट्टी झाली.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, “कोई जड़ी-बूटी, काढ़ा, कुछ लेती हो क्या?”

मी नाही म्हटलं. त्यात खोटं बोलते आहे असं मला वाटलंच नाही. जडीबुटी म्हणजे जत्रेत तंबू ठोकून विकतात ती. मी घ्यायचे तो चहा होता.

बाबांना निरोप गेला, तसे ते आले. बांधीतला धान कापणीला आला होता, तो तसाच उभा टाकून आले. हातात थर्मास होता. घरून काढून आणलेला चहा, या वेळी नेहमीपेक्षा दाट. काविळीवर त्यांनी कितीतरी माणसं बरी केली होती आणि आता तर त्यांची स्वतःची मुलगी पडली होती. माझ्या पलंगाशी स्टुलावर बसून त्यांनी पेल्यात ओतलं आणि हात पुढे केला.

“घे. कावीळ उतरून जाईन.”

मी घेतलं. मला मळमळत होतं, पण त्यांच्या डोळ्यांपुढे मला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशीही घेतलं. रिपोर्ट खाली यायच्या ऐवजी वर जात होते. मग एका सकाळी मला सुधाकरच्या मिलचं नाव आठवेना. डॉक्टर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “नागपूर ले जाओ, आज ही.”

नागपूर

नागपूरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. छत, सलाईनची पिशवी, कोणीतरी ‘मावशी, इकडे’ म्हणून ओरडतंय. मी मधूनच लोकांना तिकिटं देत होते, असं सुधाकर सांगतो. ‘सुट्टे द्या’ म्हणत होते. नंतर आम्ही यावर हसलो, पण तेव्हा तो बाहेर जाऊन रडला होता. आमची मुलगी अंकिता बारावीत होती. तिला माझ्या बहिणीकडे ठेवलं होतं. रोज फोनवर ती एकच विचारायची, “आई बोलते का?”

डॉक्टरबाई तरुण होत्या, वर्ध्याकडच्या. त्यांनी सुधाकरला खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडून चहा निघाला. बाबा दाराशी उभे होते. बाईंनी त्यांना माझ्या पलंगाजवळ बोलावलं. त्या दिवशी माझं डोकं जरा थाऱ्यावर होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

“बाबा, त्या पुडीत काय असतं?”

“झाडपाला.”

“कोणता?”

“जंगलचा.”

“नाव काय?”

बाबा खाली फरशीकडे बघत राहिले.

“हे बघा, रागावत नाही मी,” बाई म्हणाल्या. “पण लिव्हर कशानं बिघडलं ते कळलं तर नेमकं औषध देता येईल. नाहीतर अंदाजानं चालायचं. आणि अंदाजानं चालायला आता फार वेळ नाही.”

सुधाकर इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बोलला. “मामाजी, पोरगी मरून राहिली तुमची. तुम्हाला अजून तुमचं औषध लपवाचं पडलं? सांगा ना एकदाचं. क्या पिलाया इसको?”

“नाव सांगतलं तं गुण जाते, जवाईबापू,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. “आत्ता तेवढाच आधार हाये तिले. तोही मी काढून घेतला, तं मंग तिले वाचवन कोन?”

तेव्हा मला समजलं. खोलीतले बाकी सगळे समजत होते की म्हातारा हट्ट करतोय, स्वतःचं गुपित जपतोय. पण बाबांच्या हिशेबानं मी अजून जिवंत होते ती त्या चहामुळे. नाव उच्चारणं म्हणजे मला धरून ठेवलेला हात त्यांनी स्वतःच सोडणं. आणि तेच करा म्हणून सगळे त्यांच्यामागे लागले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरकडे नाही, जावयाकडे नाही. “तू सांग, पोरी. काय करू?”

मला त्यांची बाजू घ्यायची होती. पण त्यापेक्षा मला जगायचं होतं. अंकिताचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि दुसरं काही सुचलंच नाही.

“बाबा, मले जगाचं आहे,” मी म्हटलं. “सांगून टाका.”

ते बाहेर गेले. सुधाकरला वाटलं, निघून गेले. पण ते व्हरांड्यातल्या नळावर गेले होते. हातपाय धुऊन परत आले, चपला दाराबाहेर काढल्या, आणि माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून मोठ्यानं म्हणाले, “गुळवेल. कडू लिंबावरची.”

“गुळवेल?” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “आणखी काय?”

“बस. गुळवेल. अन् वरून गवती चहा.”

बाईंनी पेनचं टोपण लावलं. आणि मग, बाबांना बरं वाटावं म्हणून, अगदी प्रेमानं म्हणाल्या, “अहो बाबा, एवढंच ना? ही तर आजकाल सगळेच घेतात. खाली मेडिकलमध्ये गोळ्या मिळतात हिच्या.”

बाईंना दोष देत नाही मी. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी बाबांचा चेहरा पाहिला. ते वेलीला ओळखणारे एकटेच आहेत असा त्यांचा समज नव्हता. आमच्याकडे शेरडं राखणाऱ्या पोरीलाही गुळवेल ओळखता येते. पण त्यांच्या औषधात हीच आहे, हे त्यांनी मरत्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते त्यांनी चार माणसांत उच्चारलं, आणि समोरून उत्तर आलं की खाली मेडिकलमध्ये मिळते.

बाबांनी चपला पायात घातल्या आणि व्हरांड्यात जाऊन बसले. सुधाकर त्यांच्यासाठी चहा घेऊन गेला. तो त्यांनी घेतला नाही.

उतार

त्या दिवसापासून औषध बदललं. चहा अर्थातच बंद. हळूहळू रिपोर्ट उतरायला लागले. एका सकाळी मला भूक लागली, खरोखरची भूक. वॉर्डातल्या मावशींनी आणलेली पातळ खिचडी मी बोटांनी निपटून खाल्ली. मावशी म्हणाल्या, “आता तुम्ही जाता घरी.” डॉक्टरांनी हजार वेळा सांगितलं असतं तरी मला तेवढा धीर आला नसता.

सुट्टी होताना मी डॉक्टरबाईंना विचारलं, “गुळवेलीनंच झालं का?”

“बहुतेक,” त्या म्हणाल्या. “खात्रीनं नाही सांगता येत. लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. एखाद्याचं शरीर उलटतं. तुमचं उलटलं असावं. आणि तुम्ही फार दिवस, रोज, दोन वेळा घेत होता. यात तुमच्या बाबांची चूक आहे असं मी म्हणणार नाही.”

हे मी बाबांना शब्द न् शब्द सांगितलं. ‘बहुतेक’वर जोर दिला, ‘चूक नाही’वर त्याहून जास्त दिला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “हव ना.” आमच्याकडे माणूस असं ‘हव ना’ म्हणाला की समजावं, त्याला काही पटलेलं नाही.

आणि एक गोष्ट मला त्यांना विचारता आली नाही. नाव सांगितल्यावर मी बरी झाले. म्हणजे त्यांच्या नियमाप्रमाणे गुण गेला आणि तरी मी जगले. मग इतकी वर्षं तो गुण होता कुठं? हा प्रश्न त्यांच्याही मनात आला असणार, कारण ते वेडे नव्हते. तो त्यांनी कोणाशीही काढला नाही.

स्टॉपवर

घरी आल्यावर पुष्कळ दिवस मी अंथरुणातच होते. सुधाकरनं स्वयंपाक शिकून घेतला. त्याची डाळ मला आवडायला लागली होती, पण तसं सांगितलं असतं तर त्यानं रोज तीच केली असती. घरात बाबांचं नाव निघालं की तो उठून जायचा. शिव्या देत नव्हता, पण उठून जायचा. माझ्यासाठी ते शिव्यांपेक्षा जड होतं.

मेश्रामभाऊ भेटायला आले. रिकाम्या हातानं. बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले.

“बाबा दिसते का?” मी विचारलं.

“दिसते ना ताई. दर आठवड्याले स्टॉपवर उभे असते, त्याच टायमाले. मी गाडी थांबवतो. ते हात हलवते. देत काहीच नाही. विचारते फक्त, ‘पोरगी कशी आहे?’ मी म्हणतो, बरी आहे. मंग म्हणते, ‘जा मंग, लोकायले उशीर होऊन राहिला.’”

मेश्रामभाऊ गेल्यावर मी खूप रडले. आजारपणात रडले नव्हते तेवढी रडले.

कामावर रुजू झाले आणि पहिल्याच सुट्टीला माहेरी गेले. अंगणात एक माणूस बसला होता, पलीकडच्या टोलीवरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा. त्याच्या बायकोला ताप होता. बाबा बाजेवर बसून त्याला सांगत होते:

“औषध-गिवषध काही नाही आता. ते गुळवेल होती, लिंबावरची. तुले बी माहीत आहे, मले बी माहीत आहे. माह्याच पोरीले देलो, अन् ते मरता मरता वाचली. तू दवाखान्यात घेऊन जाय तिले. आजच.”

तो माणूस गोंधळला. असं उघडं बोललेलं त्यानं कधी ऐकलं नसणार. उठला आणि निघून गेला.

“सगळ्यायले असंच सांगता काय?” मी विचारलं.

“सगळ्यायले.”

“कायले? औषध देत नाही एवढं म्हटलं तं पुरे आहे ना.”

“लपवून ठेवलं म्हून तुह्या डॉक्टरले उशीर झाला,” ते म्हणाले. “आता कायले लपवू?”

मग लोक यायचे थांबले. अंगण झाडलेलं असायचं, पण कोणी नसायचं. बांधावरच्या लिंबावर गुळवेल चांगली मनगटाएवढी जाड झाली होती. ती बाबांनी तोडली नाही आणि तिच्यापुढे तांदूळही ठेवले नाहीत. बाबांच्या आयुष्यात जे काही मानाचं होतं ते त्यांनी माझ्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं होतं, आणि माझ्याकडे त्यांना परत द्यायला काही नव्हतं.

रंगाचा डबा

गवती चहाला डॉक्टरबाईंची ना नव्हती. कधीतरी, पातळ, दुसरं काही न मिसळता. मी बाबांना म्हटलं, मला बेटातलं एक रोप द्या, गच्चीवर लावते.

“बाईले विचारलं काय?”

“विचारलं.”

“खरं?”

मी फोन लावून देऊ का म्हटलं, तेव्हा ते उठले. कुदळीनं बेटाचा एक कोपरा सुटा केला. पाती वरून कापून वीतभर ठेवली, मुळांची माती झटकली नाही. गवती चहाला बी नसतं पेरायला, ते असं एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जातं. पात्यांच्या कडांना धार असते. त्यांची बोटं जागोजागी कापलेली असायची, त्यांना ते कळायचंही नाही. ओल्या पोत्यात गुंडाळून रोप माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “पानी तुंबू देजो नोको. अन् हप्त्यातून एकदाच पेजो.”

सुधाकरनं रंगाच्या रिकाम्या डब्याला खालून भोकं पाडून दिली. काही बोलला नाही, पण माती त्यानंच आणली. पावसाळ्याअखेर डबा भरून पाती आली. हात लावला की गच्चीभर बाबांच्या अंगणाचा वास यायचा.

यात काय आहे

पुढच्या हिवाळ्यात बाबांची छाती भरून आली. मी त्यांना गोंदियाला घेऊन आले. दवाखान्यात दाखवलं. ते हट्ट न करता आले, गोळ्या वेळेवर घ्यायचे, डॉक्टरनं विचारायच्या आधीच सांगायचे, “मी काहीच झाडपाला घेत नाही जी.” तिथं बसलेली माणसं हसायची. मला हसू यायचं नाही. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. जेवढे दिवस जातील तेवढे बरे जाऊ द्या.

सुधाकरनं त्यांची बाज गच्चीच्या दाराशी ओढली, ऊन यावं म्हणून. उशी सारखी करून दिली. “मामाजी, पाय वर घ्या,” म्हणाला. त्या दोघांची माफामाफी झाली नाही. सुधाकर रोज मिलवर जायच्या आधी त्यांचे पाय चेपून जायचा, तेवढंच.

एका दुपारी मी डब्यातली चार पाती तोडली, उकळली, गाळून पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला. डोळे मिटून बराच वेळ घेतला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “यात काय आहे?”

त्यांच्या अंगणात येऊन बसलेल्या एकाही माणसाला जे विचारायची परवानगी नव्हती, ते बाबा मला विचारत होते. कडवटपणानं नाही, टोमणा म्हणून नाही. पिण्याआधी विचारून घ्यायचं, हे ते आता शिकले होते, म्हणून.

मी त्यांच्याजवळ बाजेवर बसले आणि एकेक सांगितलं. “गवती चहा. तुमच्याच बेटातला. आल्याचा एक तुकडा. गूळ. दुसरं काही नाही, बाबा.”

“डॉक्टरले विचारलं?”

“विचारलं.”

त्यांनी पेला ओठापर्यंत नेला आणि थांबले. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. नागपूरनंतर ते मी पहिल्यांदा पाहत होते.

“सगळे नाव सांगून टाकले तू,” ते म्हणाले. “आता कायचा गुण येते?”

“नाही येणार,” मी म्हटलं. “तुम्ही प्या तरी.”

गुण आला नाही. थोड्याच दिवसांनी, मी पोळ्या लाटत होते तेव्हा सुधाकरनं मला हाक मारली, तोवर बाबा गेले होते. पण त्या दुपारी त्यांनी पेला पूर्ण रिकामा केला होता, तळाशी राहिलेल्या गुळासकट.